विश्लेषण : यशवंतराव होळकरांची अखेरची तीन वर्षे... आजार नेमका कोणता होता?

नाशिकहून मालेगावच्या दिशेने महामार्गाने निघाले की तासाभरात चांदवड येते. गावात होळकरांचा रंगमहाल आहे. बहुतेकांना तो अहिल्याबाईंच्या नावाने माहीत असतो आणि ते बरोबरच आहे. डोंगरावरच्या रेणुकामातेच्या दर्शनाला जाणारे जाता जाता वाडाही पाहतात. इथे होळकरांची टांकसाळ होती आणि इथला चांदवडी रुपया दूरवर चालत असे, हेही जुन्या माणसांना ठाऊक असते. पण याच घराण्यातल्या एका माणसाने इंग्रजांना दोन वर्षे पळवले. पुढे वयाच्या ३१-३२ व्या वर्षी त्याचे मन बिघडले आणि पस्तिशी गाठण्याआधी तो गेला. त्याविषयी आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. पराक्रमावर पोवाडे होतात, आजारावर मौन असते.

ते मौन थोडे बाजूला ठेवून यशवंतराव होळकरांच्या आयुष्याकडे पाहू. त्यांना वेडा ठरवणे किंवा त्यांची थोरवी कमी करणे हा यामागचा उद्देश नाही. त्यांच्या बाबतीत जे घडले तसे आजही अनेक घरांत घडते. फरक एवढाच की आता त्यावर उपचार आहेत.

वाफगावचा मुलगा

यशवंतरावांचा जन्म ३ डिसेंबर १७७६ रोजी पुणे जिल्ह्यातल्या वाफगावचा. वडील तुकोजीराव होळकर हे अहिल्याबाईंच्या राज्याचे सेनापती. तुकोजींना चार मुलगे. काशीराव आणि मल्हारराव हे लग्नाच्या बायकोचे, विठोजी आणि यशवंतराव हे दुसऱ्या स्त्रीपासून झालेले. वारसाहक्काच्या त्या काळच्या हिशेबात धाकट्या दोघांना जागा नव्हती. यशवंतराव फारसी जाणत, मराठी उत्तम लिहीत आणि हिशेबात चटपटीत होते. घोड्यावर बसून भाला चालवण्यात तर त्यांचा हात धरणारे कमी. ही माहिती त्यांच्या शत्रूपक्षातल्या जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्यानेच नोंदवून ठेवली आहे.

थोरला काशीराव शरीराने आणि बुद्धीने दुबळा आहे, असे तेव्हा सर्रास बोलले जाई. ते कितपत खरे होते आणि कितपत सोयीचे होते, कोण जाणे. गादीवरून एखाद्याला बाजूला सारायचे तर त्याच्या डोक्यावर बोट ठेवणे ही फार जुनी युक्ती आहे. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

१७९५ मध्ये अहिल्याबाई गेल्या, ऑगस्ट १७९७ मध्ये तुकोजी गेले. महिनाभरात दौलतराव शिंद्यांच्या फौजेने पुण्याजवळ भांबुर्ड्याच्या तळावर रात्री छापा घातला आणि मल्हारराव मारले गेले. विठोजी आणि यशवंतराव निसटले. यशवंतराव आश्रयासाठी नागपूरला भोसल्यांकडे गेले, तर तिथे त्यांना कैद झाली. काही महिन्यांनी ते कैदेतून पळाले आणि खानदेशमार्गे माळव्यात शिरले. हाताशी मूठभर स्वार, खजिना शून्य, वय २१. तिथून दोनच वर्षांत भिल्ल, पेंढारी, अफगाण अशी मिळेल ती माणसे जमवत त्यांनी महेश्वर ताब्यात घेतले. अमीरखान पठाण हा त्यांचा जोडीदार. याच काळात बंदूक फुटून त्यांचा एक डोळा गेला.

एप्रिल १८०१ मध्ये विठोजी पेशव्यांच्या हाती लागले. दुसऱ्या बाजीरावाने त्यांना शनिवारवाड्यासमोर हत्तीच्या पायी दिले. भावाच्या या मृत्यूने यशवंतराव किती पेटले, ते पुढच्या दीड वर्षात दिसले. २५ ऑक्टोबर १८०२, ऐन दिवाळी. हडपसरजवळ त्यांनी शिंदे आणि पेशवे यांच्या एकत्र फौजेचा धुव्वा उडवला. बाजीराव पळाला तो वसईला इंग्रजांच्या आश्रयाला, आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी त्याने तहावर सही केली. मराठी राज्याच्या शेवटाची सुरुवात या तहाने झाली, असे मानले जाते.

नाशिककरांसाठी एक कडू गोष्टही सांगायला हवी. त्या दोन-तीन वर्षांत होळकरांच्या आणि पेंढाऱ्यांच्या फौजांनी नाशिक, नगर आणि खानदेशचा मुलूख लुटला. त्यातच पावसाने दगा दिला. १८०३-०४ चा दुष्काळ इथल्या गावांनी फार भोगला. यशवंतरावांच्या गौरवगाथांत हे पान सहसा नसते.

इंग्रजांशी झुंज

१८०४ मध्ये यशवंतराव इंग्रजांवर एकटेच उठले. शिंदे आणि भोसले आदल्या वर्षी हरलेले होते. मुकुंदऱ्याच्या घाटातून कर्नल मॉन्सनची पलटण माघारी पळाली, तिची होळकरी घोडदळाने पावसाळ्यात आग्र्यापर्यंत वाताहत केली. ऑक्टोबरात दिल्लीला वेढा पडला. पण त्याच महिन्यात दक्षिणेत कर्नल वॉलेसने चांदवड घेतले. पुढे नोव्हेंबरात फर्रुखाबादजवळ पहाटेच्या छाप्यात होळकरांचे घोडदळ कापले गेले, मग डीग पडले. भरतपूरच्या किल्ल्यावर मात्र जनरल लेकने चार वेळा हल्ला केला आणि चारही वेळा मार खाल्ला. यशवंतराव जाट राजाच्या बाजूने बाहेरून लढत होते.

शेवटी शीख राजांची मदत मिळेल म्हणून ते पंजाबात गेले. मदत मिळाली नाही. डिसेंबर १८०५ मध्ये बियास नदीच्या काठी तह झाला. वाटाघाटी करणारा अधिकारी होता तोच माल्कम. तहाच्या अटी हरलेल्या माणसाला मिळतात त्यापेक्षा बऱ्या होत्या. चांदवड आणि गाळणा काही काळाने परत मिळणार होते. यशवंतराव तेव्हा २९ वर्षांचे होते. १८०६ मध्ये त्यांनी नागपूरच्या व्यंकोजी भोसल्यांना पत्र पाठवून मराठा सरदारांतल्या दुहीबद्दल खंत कळवली. त्या पत्रात बुद्धी शाबूत असलेला आणि पुढचे दिसणारा माणूस आहे.

मग दोन वर्षांत काय बदलले?

माळव्यात परतल्यावर पहिले संकट आले पगाराचे. मोठी फौज, रिकामी तिजोरी. शिपाई बंड करून उठले. त्यांना ओलीस म्हणून मल्हाररावांचा लहान मुलगा खंडेराव द्यावा लागला. पुढे हा पुतण्या मेला. थोरला भाऊ काशीराव मारला गेला. दोन्ही मृत्यूंचा संशय यशवंतरावांवर घेतला गेला. माल्कमने तो नोंदवला आहे, तर नंतरच्या काही अभ्यासकांना तो मान्य नाही. पुराव्याने आज काही ठरवता येत नाही. पण संशय खरा असो वा खोटा, अशा दोन मरणांचे ओझे घेऊन माणूस झोपत कसा असेल, एवढा विचार मनात येतोच.

१८०७ च्या सुमारास मुक्काम भानपुऱ्याला होता. हे गाव आज मध्य प्रदेशात मंदसौर जिल्ह्यात आहे. इंग्रजांशी पुन्हा लढायचे तर तोफा हव्यात, म्हणून यशवंतरावांनी तिथे तोफांचा कारखाना काढला आणि स्वतःला त्यात झोकून दिले. भट्टीपाशी ते जातीने उभे राहत, ओतकामात स्वतः हात घालत. कवायतही स्वतः घेत. थोड्या महिन्यांत पितळी तोफांची रांग उभी राहिली. विश्रांती जवळपास नाहीच. दारू भरपूर, आणि तीही विलायती, मुंबईहून येणारी.

याच दिवसांत जवळच्यांना काहीतरी खटकू लागले. राग क्षुल्लक कारणाने उफाळे. बोललेले लक्षात राहीना. ही गोष्ट त्यांच्या स्वतःच्याही ध्यानात आली होती. आपण आता बोलतो ते पुढच्या क्षणी विसरतो, काही औषध द्या, अशी तक्रार त्यांनी केल्याची नोंद आहे. अख्ख्या हकिगतीत सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी जागा कोणती असेल तर ती ही. ज्याच्या नावाने दिल्ली हादरली, तो माणूस आपले मन निसटताना पाहत होता आणि मदत मागत होता. त्याला देण्याजोगे औषध तेव्हा जगात कुठेच नव्हते.

१८०८ मध्ये एका रात्री जनानखान्यातल्या बायका घाबरून बाहेर धावत आल्या. महाराज आम्हाला मारून टाकतील, असा त्यांचा आकांत होता. कारभाऱ्यांनी माणसे गोळा करून यशवंतरावांना पकडले आणि दोरखंडांनी बांधले. सुरुवातीचा काळ उद्रेकाचा होता. पुढे हळूहळू आवाज बंद झाला. ते कोणाशी बोलेनात, कोणाला ओळखतात की नाही ते कळेना. सेवक त्यांना लहान मुलासारखे दूध भरवत. असे जवळपास तीन वर्षे चालले. २८ ऑक्टोबर १८११ रोजी भानपुऱ्यातच त्यांचा मृत्यू झाला. ३५ वर्षे पूर्ण व्हायला महिना-सव्वा महिना कमी होता.

हा स्किझोफ्रेनिया होता का?

आधी आजार म्हणजे काय ते पाहू. स्किझोफ्रेनिया हा शब्द स्विस डॉक्टर ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये वापरात आणला, यशवंतरावांना बांधले गेले त्याला बरोबर शंभर वर्षे झाल्यावर. मराठीत त्याला छिन्नमनस्कता म्हणतात. शब्दामुळे एक गैरसमज पसरला आहे, तो सिनेमांनी वाढवला : एका शरीरात दोन माणसे. तसे काही या आजारात नसते. विचार, भावना आणि वागणे यांची एकमेकांशी असलेली सांगड सुटते, असा त्याचा अर्थ.

सुरुवात बहुधा विशीच्या आगेमागे ते तिशीच्या पहिल्या काही वर्षांत होते. पुरुषांत थोडी लवकर. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात साधारण ३०० माणसांत एकाला हा आजार असतो. म्हणजे हजार-बाराशे घरांच्या गावातही काही माणसे निघणारच.

लक्षणे दोन तऱ्हेची. काही लक्षणे लगेच डोळ्यांत भरतात. कोणी नसताना आवाज ऐकू येणे हे त्यातले मुख्य. ते आवाज नाव घेऊन बोलतात, टोमणे मारतात, कधी हुकूम सोडतात. रुग्णाला ते मनात आल्यासारखे वाटत नाहीत, शेजारच्या खोलीतून आल्यासारखे खरेखुरे ऐकू येतात. दुसरे, पक्का बसलेला संशय : जेवणात काही घातले आहे, शेजारी पाळत ठेवतात, टीव्हीवरचा माणूस आपल्याचबद्दल बोलतो आहे. तिसरे, बोलण्याचा धागा तुटणे. एका वाक्याचा दुसऱ्याशी संबंध लागत नाही.

दुसऱ्या तऱ्हेची लक्षणे मात्र गुपचूप येतात, आणि घरच्यांची फसगत तिथेच होते. मुलगा आंघोळ टाळतो. मित्रांचे फोन घेत नाही. रात्रभर जागतो, दिवसा पडून असतो. कॉलेज सुटते किंवा सातपूर-अंबडच्या कंपनीतली नोकरी महिनाभरात सोडतो. कशातच रस नाही. चेहऱ्यावर हसू नाही की रडू नाही. आईबाप म्हणतात, आळशी झाला, मोबाइलचे वेड लागले, लग्न करून द्या म्हणजे सुधारेल. लग्न हा आपल्याकडचा फार जुना आणि फार घातक उपचार आहे. त्यात एकाच्या जागी दोन आयुष्ये अडकतात.

रोजच्या जगण्यावर परिणाम होतो तो असा, बारीकसारीक गोष्टींपासून. बँकेत जाऊन पासबुक भरून आणणे, भाजी आणताना सुट्टे पैसे मोजणे, दोन कामे एकापाठोपाठ लक्षात ठेवणे, हे सगळे जड जाऊ लागते. कारण आवाज आणि संशय यांच्या जोडीला एकाग्रता आणि स्मरण यांवरही आजाराचा भार पडतो. गोळ्यांनी आवाज थांबले तरी हा भाग पुष्कळदा मागे राहतो. म्हणून आता बरा झालास ना, मग कामाला का लागत नाहीस, हा प्रश्न रुग्णाला टोचतो.

आता यशवंतरावांकडे परत. वय जुळते. सुरुवात ३१-३२ व्या वर्षी. जनानखान्यातल्या रात्रीमागे भीती किंवा संशय असू शकतो. शेवटची अबोल, निश्चल अवस्था आजच्या डॉक्टरांना कॅटाटोनियाची आठवण करून देईल. त्यात माणूस जागा असूनही बोलत नाही, हलत नाही, खात नाही. स्किझोफ्रेनियात ती येऊ शकते. पण ती तीव्र नैराश्यात, उन्मादात आणि मेंदूच्या इतर आजारांतही येते.

न जुळणाऱ्या गोष्टीही आहेत, आणि त्या वजनदार आहेत. पहिली तक्रार विसरण्याची होती आणि ती रुग्णाने स्वतः केली. स्किझोफ्रेनियात बहुधा उलट असते. आपल्याला काही झाले आहे हेच माणसाला पटत नाही, जग बदलले आहे असे त्याला वाटते. त्यात मोठ्या प्रमाणावर दारू. दारूने येणाऱ्या जीवनसत्त्वाच्या कमतरतेत नेमकी ताजी आठवण पुसली जाते, आणि दारू अचानक तुटली तर भास आणि हिंसक घालमेल होते. भट्टीपाशी झोपेविना राबणे, प्रचंड बेत, अफाट उत्साह आणि नंतर कोसळणे हे चित्र उन्मादाच्या आजाराचेही असू शकते. तेव्हा उपाय नसलेले आणि मेंदूपर्यंत जाणारे काही संसर्गही याच रूपात दिसत.

साधनांचीही अडचण आहे. सर्वांत तपशीलवार हकिगत माल्कमची, आणि ती त्याच्या १८२३ च्या ग्रंथात येते. तो भानपुऱ्यात हजर नव्हता. होळकरांच्या फौजेशी तो १८१७ मध्ये महिदपूरला लढला, मग त्या प्रांताचा कारभारी झाला आणि लोकांना विचारून त्याने लिहिले. शत्रूला क्रूर आणि वेडा दाखवण्यात जेत्यांचा फायदा असतो, हे विसरून चालत नाही. तरीही बरेच तपशील असे आहेत की ते बदनामीसाठी रचावेत असे वाटत नाही. औषध मागणे, दूध भरवणे यांत कुचेष्टा नाही. म्हणून निदान कुठलेही करू नये, पण मनोविकृतीची गंभीर अवस्था होती एवढे मानायला हरकत नसावी. वैद्यकात सायकोसिस म्हणतात ती ही. स्किझोफ्रेनिया हे तिचे एक कारण, एकमेव नव्हे. आजही पहिल्यांदा असा झटका आलेल्या माणसाची डॉक्टर रक्ततपासणी करतात, दारू आणि नशेबद्दल विचारतात, गरज पडली तर मेंदूचे स्कॅनिंग सांगतात, ते याचसाठी.

दोरखंड कधी सुटले?

यशवंतरावांना बांधणारे निर्दय होते असे म्हणता येणार नाही. घाबरलेले होते, आणि त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. खरे औषध मिळायला १९५२ साल उजाडावे लागले. त्या वर्षी फ्रान्समध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोरुग्णांना देऊन पाहिले गेले आणि वर्षानुवर्षे कोंडलेली माणसे बोलू लागली. पुढे आणखी औषधे आली. आता महिन्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनेही आहेत. गोळी घेतली की नाही यावरून घरात रोज होणारी भांडणे त्याने कमी होतात.

पण औषध आले म्हणून साखळ्या लगेच गेल्या नाहीत. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळच्या एका आश्रयस्थानाला आग लागली. रुग्ण साखळदंडांनी बांधलेले होते, पळू शकले नाहीत. २८ जण जळून मेले. रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधणे कायद्याने बंद झाले ते २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने. उपचार मिळणे हा याच कायद्याने नागरिकाचा हक्क ठरला.

हिंसेबद्दल एक खुलासा आवश्यक आहे, नाहीतर भानपुऱ्याच्या त्या रात्रीवरून चुकीचा समज होईल. स्किझोफ्रेनिया असलेली बहुसंख्य माणसे कोणावर हात उगारत नाहीत. उलट मार खाणारे, फसवले जाणारे, रस्त्यावर सोडून दिले जाणारे तेच असतात. खरा धोका त्यांच्या स्वतःच्या जिवाला असतो. आत्महत्येचे प्रमाण या आजारात इतरांपेक्षा बरेच जास्त आहे. शिवाय मधुमेह, हृदयविकार यांकडे दुर्लक्ष होते. अशा रुग्णांचे आयुष्य सरासरीने दहा ते वीस वर्षांनी कमी भरते. काही औषधांनी वजनही वाढते, ते डॉक्टरांना सांगून औषध बदलता येते. स्वतःहून बंद करणे मात्र महागात पडते. पहिल्या सहा महिन्यांत बरे वाटले म्हणून गोळ्या थांबवल्या आणि वर्षभरात पुन्हा सगळे सुरू झाले, ही गोष्ट मानसोपचारतज्ज्ञांना रोज ऐकायला मिळते.

आशेची बाजूही आकड्यांत आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की किमान तीनांतला एक जण पूर्ण बरा होतो. उरलेल्यांतही पुष्कळ जण औषध, थोडी समज आणि थोडे काम यांच्या आधाराने नीट जगतात. लक्षणे दिसल्यापासून उपचार सुरू होईपर्यंतचा काळ जितका लांबतो तितके नुकसान वाढते. आपल्याकडे हा काळ देवऋषी, उतारे आणि नवस यांत जातो. देवाला जाऊ नये असे कोणी म्हणत नाही. वणीला जा, त्र्यंबकला जा, पण दवाखानाही त्याच आठवड्यात गाठा.

नाशिकमध्ये कुठे जायचे?

महाराष्ट्रात सरकारची जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये चार : येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. यादीत नाशिक नाही हे खरे, पण बहुतेक रुग्णांना मनोरुग्णालयात ठेवण्याची गरजही नसते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयाच्या पातळीवर तपासणी आणि औषधे मिळण्याची सोय आहे. टेलिमानस ही केंद्र सरकारची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालते. तिथे मराठीत बोलता येते, आणि रुग्ण तयार नसेल तर घरच्यांनीही फोन करावा. रुग्ण डॉक्टरकडे यायला नकार देतो तेव्हा काय करायचे, हाच तर बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो. त्यावर अनुभवी डॉक्टर एक साधी वाट सुचवतात : आवाज खरे की खोटे यावर वाद घालू नका. झोप लागत नाही ना, मग झोपेसाठी तरी डॉक्टरांना भेटू, असे म्हणा. त्रास त्याचा असतो, निदान आपले. त्रासाच्या नावाने माणूस तयार होतो.

ज्यांना हा आजार जवळून समजून घ्यायचा आहे त्यांनी सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००४ चा देवराई हा चित्रपट पाहावा. अतुल कुलकर्णी यांनी त्यात रुग्णाचे काम केले आहे. रुग्णाइतकीच त्याच्या बहिणीची ओढाताण त्यात दिसते.

घराचे आणि राज्याचे काय झाले?

यशवंतरावांच्या आजारात तशी ओढाताण तुळसाबाईंच्या वाट्याला आली. शिकलेल्या, हुशार, आणि त्या काळच्या नजरेत कोणाचेही पाठबळ नसलेल्या. पती तंबूत दूध पीत पडलेला, आणि त्या पडद्याआडून कारभार पाहत. यशवंतरावांचा मुलगा मल्हारराव तेव्हा तीन-चार वर्षांचा. तो केसरबाईंचा, पण तुळसाबाईंनी त्याला दत्तक घेऊन गादीवर पुढे केले. सही कोणाची, शिक्का कोणाचा, फौजेचा पगार कोण देणार, हे रोजचे झगडे.

आजारी महाराज ज्याच्या ताब्यात, सत्ता त्याच्याकडे, असा हिशेब सरदारांनी मांडला. धर्मा कुंवर नावाच्या एका अधिकाऱ्याने तर रुग्ण, राणी आणि लहान मुलगा या तिघांनाही आपल्या कबजात घेण्याचा डाव टाकला. तो फसला आणि धर्माला प्राण गमवावे लागले. काशीरावाच्या दुबळेपणाचा जसा उपयोग झाला होता, तसाच आता यशवंतरावांच्या आजाराचा होऊ लागला. आज राज्ये नाहीत, पण सातबाऱ्यावरचे नाव, पेन्शन आणि अंगठ्याचा ठसा यांपायी मनोरुग्णाभोवती हेच नाटक चालते. मानसिक आरोग्य कायद्यात रुग्णाला आपला प्रतिनिधी स्वतः नेमता येतो आणि बरे असताना आगाऊ सूचना लिहून ठेवता येतात. कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, आजारात निर्णय कोणी घ्यायचे, हे त्यात नोंदवता येते. फार थोड्या घरांना हे माहीत आहे.

१८११ नंतर सहा वर्षे तुळसाबाईंनी गाडा रेटला. २० डिसेंबर १८१७ रोजी त्यांच्याच फौजेतल्या लोकांनी क्षिप्रा नदीच्या काठी त्यांना मारले. दुसऱ्याच दिवशी महिदपूरची लढाई झाली. यशवंतरावांची मुलगी भीमाबाई इंग्रजांविरुद्ध लढल्याच्या आठवणी माळव्यात अजून सांगितल्या जातात. लढाई हरली. जानेवारी १८१८ मध्ये मंदसौरला तह झाला आणि सातपुड्याच्या दक्षिणेचा सगळा होळकरी मुलूख इंग्रजांकडे गेला. बियासच्या काठी यशवंतरावांनी परत मिळवलेले चांदवडही त्यात होते.

भानपुऱ्यात यशवंतरावांची दगडी छत्री आहे. चांदवडहून निघाले तर महेश्वर, इंदूर, उज्जैन करत रस्ता तिथवर जातो.